बारा नंबरचा डबा

मी पीएच.डी. कशात करते हे आईला मी शंभरदा तरी सांगितलं असेल, आणि दर वेळी सगळं ऐकून घेऊन ती शेवटी एकच विचारायची, "आगं पन तितं मान्सं कुटं हायेत?" आमचं घर नेऱ्यात. शेतांच्या पलीकडं हिंजवडीच्या कंपन्यांच्या काचा दिसायला लागल्या होत्या, रस्त्यावर रोज नवी माणसं येत-जात होती. ज्याला माणसं बघायची असतील त्यानं ओट्यावर बसून रस्ता बघावा, त्याला कॉलेज कशाला, असं आईचं मत. लोकांत जाऊन राहायचं, ते कसे जगतात, कशावरून भांडतात, मेलेल्याला कसं रडतात हे बघायचं आणि लिहून काढायचं, म्हणजे मानववंशशास्त्र, एवढं तिला पटलेलं होतं. आमच्या विभागातले बाकीचे तेच करायचे. कुणी कातकऱ्यांच्या वाडीवर जाऊन राहिलं होतं, कुणी धनगरांबरोबर फिरत होतं. मी मात्र लवळ्याच्या टेकडीवरच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचे आणि दुपारी तिथल्या संगणकाच्या खोलीत बसून इंटरनेटवरच्या बायका बघायचे. "म्हंजी दुसऱ्याच्या घरात डोकवायचं शिक्षान," असं म्हणून आईनं विषय मिटवला. तिचं फार चुकलं होतं असं आता मला वाटत नाही.

दोन हजार सातचा सुमार होता. मराठीतून गप्पा मारायचं एक संकेतस्थळ होतं, त्याचं नाव सांगत नाही. कुणीतरी एक विषय काढायचा आणि बाकीच्यांनी त्याखाली लिहीत जायचं, याला तिथं धागा म्हणत. त्यातल्या ‘आज डब्यात काय’ या धाग्यावर मी जवळजवळ तीन वर्षं काढली. नवऱ्याचे, मुलांचे, स्वतःचे डबे भरून झाले की चाळीसेक बायका तिथं जमायच्या. नोकरीपायी गाव सोडून पुण्या-मुंबईला आलेल्या, काही पार परदेशात गेलेल्या. एकमेकींचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं आणि खरं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. सुरुवात भाजीपासून व्हायची, आणि घटकाभरात सासूपासून पाळी जाण्यापर्यंत सगळं निघायचं.

मी चोरून वाचत नव्हते. धागा चालवणाऱ्या आक्कांची परवानगी काढली होती. सांगलीकडच्या निवृत्त शिक्षिका होत्या त्या. मी अभ्यासासाठी बसणार आहे, कुणाची हरकत असेल तर सांगा, असं धाग्यावर उघड लिहिलंही होतं. हरकत कुणी घेतली नाही. उलट माझं बारसं झालं: जनगणनावाली. "जनगणनावाल्या बाई, आज आमच्याकडं शेपू, लिहून घ्या," अशी चेष्टा व्हायची. मी उत्तर देत नसे. आमच्या गाइडबाईंची शिस्त होती की आपण पाहुणे, आपण लुडबुड केली की घर आपल्यासाठी वेगळं वागायला लागतं. वहीत नावं लिहायची नाहीत, टोपणनावंसुद्धा नाहीत, म्हणून मी सगळ्यांना नंबर दिले होते. हळूहळू मी मनातही त्यांना नंबरांनीच ओळखायला लागले, आणि याचा मला अभिमान होता.

बारा नंबर लातूरकडची. नवरा पिरंगुटला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये, भूगावात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, मूलबाळ नाही. हे सगळं तिनंच कधी ना कधी धाग्यावर सांगितलेलं. शेजारच्या बांधकामाची धूळ येते म्हणून गॅलरीला जुनी साडी बांधून तिच्या आडोशाला तिनं डब्यांत अंबाडी लावली होती. धपाटे, शेंगोळे, येसराची आमटी, तिचं लिहिलेलं वाचताना तोंडाला पाणी सुटायचं. माप मात्र कधी नसायचं. पीठ किती घ्यायचं असं कुणी विचारलं तर म्हणायची, ते हाताला विचार, मला काय विचारतीस. कोल्हापूरच्या सात नंबरशी तिचं हाडवैर होतं. सात नंबर म्हणायची, धपाटं म्हणजे आमचं थालीपीठच, तुम्ही उगाच वेगळी चूल मांडलीय. मग बारा नंबर तिचा असा समाचार घ्यायची की वाचणाऱ्यांच्या गॅसवरचं दूध उतू जायचं. आमच्या घरातल्या गड्याला गॅस कुठल्या बाजूनं पेटतो तेही ठाऊक नाही, असं ती नवऱ्याबद्दल फार कौतुकानं लिहायची.

दोन हजार आठच्या नवरात्रात ती अचानक गायब झाली. अडीच-तीन आठवडे तिचं काही आलं नाही, सगळ्या विचारत राहिल्या. मग एका सकाळी तिच्या नावानं दोनच शब्द उमटले: पिठलं-भात. धाग्यावर आनंदीआनंद झाला. पण त्यानंतरची बारा नंबर वेगळीच होती. आज खिचडी, उद्या पिठलं, परवा पुन्हा खिचडी. आणि आता मापं होती. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ, सहा वाट्या पाणी, तीन शिट्ट्या. सासूचा विषय निघाला तरी ती गप्प. सात नंबरनं एकदा मुद्दाम काडी टाकली की धपाटं म्हणजे थालीपीठच. बारा नंबरनं लिहिलं, "तुमचं बरोबर आहे, ताई."

मला केवढा आनंद झाला हे आज सांगायची लाज वाटते. बाई बदलते आहे आणि तो बदल माझ्या डोळ्यांसमोर तारीखवार घडतो आहे, असं मला वाटलं. मी त्यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. गावाकडून आलेली बाई आधी चवीत गाव जपून ठेवते, त्यासाठी भांडते. मग हळूहळू शहराचा वेग तिला आपलंसं करतो, अंदाजाच्या जागी माप येतं, भांडणाच्या जागी सहमती येते, आणि रांधण्यातून ती स्वतःला सोडवून घेते. रोजची खिचडी म्हणजे तिचं बंड, असंही मी लिहिलं होतं. गाइडबाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून ‘छान’ असा शेरा दिला. त्यांच्याकडून छान मिळवणं सोपं नव्हतं. मी त्या दिवशी लवळ्याच्या कँटीनमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

बाईंची एक अट मात्र होती. पडद्यावरचं माणूस घरी कसं आहे ते बघितल्याशिवाय प्रकरण पुरं म्हणायचं नाही. बारा नंबर तर माझ्या हाकेच्या अंतरावर. मी तिला खाजगी निरोप पाठवला. उत्तर आलं, घरी रंगकाम चाललंय. महिन्यानं पुन्हा विचारलं, तर गावी निघालेय. माणूस दोनदा टाळतं तेव्हा ते नको म्हणत असतं, हे मी वर्गात पोरांना शिकवत होते. तरी तिसऱ्यांदा लिहिलं, ताई, मी लवळ्यातच असते, सिक्स सीटर रिक्षानं वीस मिनिटं, चहासुद्धा नको. आठ दिवस काही आलं नाही. मग आलं, "रविवारी अकराला या." खाली पत्ता होता.

आईला सांगितलं तर ती खूश झाली. इंटरनेटवर खरोखरची बाई निघाली याचंच तिला अप्रूप. रिकाम्या हातानं जाऊ नको म्हणून तिनं आमच्या रानातला आंबेमोहोर दोन किलो बांधून दिला.

दार पंचेचाळिशीच्या एका माणसानं उघडलं. ताई आहेत का, मी विचारलं. या, बसा, म्हणाले आणि पाणी आणायला आत गेले. समोरच्या भिंतीवर एका हसऱ्या बाईचा फोटो होता आणि त्याला चंदनाचा हार होता. मी फोटोकडे बघत असताना ते पाणी घेऊन आले आणि माझ्यासमोर उभेच राहिले.

"मागल्या साली नवरात्रात गेली," ते म्हणाले. "ताप आला अन् आठ दिवसांत सगळं संपलं."

त्या क्षणी माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते, कारण ते लपवलं तर या सगळ्या लिहिण्याला अर्थ नाही. हा माणूस एकटा कसा राहत असेल, असं मनात आलं नाही. माझं प्रकरण गेलं, हे आलं. दुःख त्यानंतर आलं, आणि स्वतःची किळस त्याच्याही नंतर.

ते मोकळेपणानं सांगत गेले. गावाकडचे विधी उरकून परत आल्यावर तिचा संगणक लावला तो त्या बायकांना कळवायलाच. तिच्या नावानं सगळं आपोआप उघडलं. बघतात तर वीस दिवसांचे निरोप साठलेले. कुठं आहेस, रुसलीस का, तुझ्याशिवाय धाग्याला चव नाही. आणि सगळ्यात शेवटी, आज डब्यात काय? त्या दिवशी त्यांच्या डब्यात पिठलं-भात होता, आयुष्यात पहिल्यांदा स्वतः केलेला. तेवढंच लिहिलं. पुढं ती गेल्याचं लिहायचं होतं, पण पटापट उत्तरं यायला लागली, आली गं बाई आली, असं. मग लिहवलं नाही. उद्या सांगू म्हणाले, आणि तो उद्या वर्षभर पुढं ढकलला गेला.

"मला कुणाला फसवायचं नव्हतं, मॅडम," ते म्हणाले. "बिल्डिंगीत, कंपनीत, गावाकडं, सगळ्यांसाठी ती गेली. वर्षश्राद्धबी झालं. त्या बायकांत तेवढी ती अजून हाय. रोज सकाळी तिला हाका मारतेत. तेवढं राहू द्या."

मी शब्द दिला. प्रबंधात लिहिणार नाही, धाग्यावर सांगणार नाही, कुणालाही नाही. ते एवढे हलके झाले की जेवल्याशिवाय जाऊ देईनात. आईच्या आंबेमोहोराची खिचडी केली. वाटीनं तांदूळ मोजताना वाटी काठोकाठ भरली आहे ना हे ते डोळ्यांजवळ नेऊन बघत होते. कुकर लावला आणि आम्ही दोघं शिट्ट्या मोजत बसलो. खिचडी अळणी झाली होती. मी दोनदा घेतली.

प्रकरण मी काढून टाकलं. गाइडबाईंनी कारण विचारलं, मी एवढंच म्हणाले की माझं वाचन चुकलं. त्या चिडल्या. तपशील बदल, गाव बदल, पण असं तयार काम कुणी फेकून देतं का, म्हणाल्या. तपशील किती बदलले तरी त्या चाळीसजणी ओळखतील, हे त्यांना सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. माझं वर्ष वाया गेलं. त्याचं मला वाईट वाटलं नाही, उलट आपण काहीतरी चांगलं करतो आहोत असं वाटत होतं, आणि असं वाटायला लागलं की माझ्यासारखीनं सावध व्हायला हवं.

कारण त्या रविवारनंतर तीन दिवस बारा नंबरनं लिहिलं, आणि चौथ्या दिवसापासून बंद झालं. आज उद्या करत आठवडा गेला. मी रोज धागा उघडून बसायचे. बाकीच्यांनी दोनदा विचारलं, काय गं, कुठं आहेस, आणि मग विचारायचं थांबल्या. मागच्या वेळी वीस दिवस हाका मारणाऱ्या बायका या वेळी दोन हाकांत गप्प का झाल्या, हे मला कळेना. वहीत मी त्यापुढं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं. कळलं ते आक्कांच्या फोनमुळं. परवानगी मागताना मी त्यांना माझा नंबर दिला होता, पण फोन कधी आला नव्हता.

"तिकडचं लिहिणं बंद झालंय, आणि तू जवळच असतेस. तू भूगावला गेली होतीस काय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

"त्याला काय बोललीस?"

त्याला. आक्का ‘तिला’ म्हणाल्या नव्हत्या.

आक्का रागावल्या नव्हत्या. निदान आवाज तरी शांत होता. त्यांनी सांगितलं की पहिल्या आठवड्यातच सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. जिनं जन्मात वाटी हातात धरली नाही ती शिट्ट्या मोजून सांगते, आठवड्यात चारदा खिचडी करते, गॅलरीतल्या अंबाडीचं नावही काढत नाही. चूल सांभाळणाऱ्या बाईला याचा अर्थ सांगावा लागतो का? तरी खात्री करावी म्हणून सात नंबरनं ती थालीपिठाची काडी टाकली होती. तुमचं बरोबर आहे, ताई, असं उत्तर आल्यावर ती तिकडं कोल्हापुरात ओट्याशी बसून रडली. त्यानंतर आक्कांनी एकेकीला खाजगीत कळवलं की कुणी बोलायचं नाही. तो रोज काहीतरी शिजवतो आणि आपल्याला सांगतो, म्हणजे रोज जेवतो. तेवढं आपण चालू ठेवायचं. चाळीस बायकांनी एक गोष्ट वर्षभर पोटात ठेवली. या वेळीही दोन हाकांवर थांबल्या त्या त्याला कोंडीत पकडायला नको म्हणून. मला कळवलं नाही, कारण मी लिहून घेते.

त्यांना जे दिसलं ते सगळं माझ्या वहीत होतं. वाट्या, शिट्ट्या, खिचडीचे वार, अंबाडीचा उल्लेख कधी थांबला त्याची तारीखसुद्धा. मी त्याला बंड म्हटलं होतं.

"तो आता जेवतोय का ते तरी बघून ये," आक्का म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी पुढच्या रविवारी गेले. सिक्स सीटरमध्ये दाटीवाटीनं बसले होते, पण मन हलकं होतं, कारण या वेळी चांगली बातमी माझ्याकडं होती. त्यांना आता लपवायची गरज नाही, त्या बायकांनी त्यांना कधीच सांभाळून घेतलंय, हे ऐकून त्यांच्या डोक्यावरचं ओझं उतरेल असं मी धरून चालले होते. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं. बारीक झाले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "तुमाला ठावं झाल्यावर लिहायला हातच उठंना, मॅडम. तिच्या नावानं लिहायला बसलो की वाटायचं, तुमी तिकडं बसून मलाच बघायलाव."

मी त्यांना आक्कांचं सगळं सांगितलं. सात नंबरचं रडणंही सांगितलं. तुमची सगळ्यांना किती माया आहे, तुम्ही तुमच्या नावानं लिहा, त्या वाट बघतायत, असं बरंच काही बोलले. बोलताना माझा मलाच गहिवर आला होता.

ते खाली बघत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या आठवड्यापासनंच?"

मी हो म्हणाले.

"म्हंजी त्या तिला हाका मारीत नव्हत्या."

तुम्हालाच मारत होत्या, मी म्हणाले. मला वाटलं, हे ऐकून त्यांना बरं वाटेल.

त्यांनी मान हलवली. बांधकामावर कुणीतरी हिंदीत कुणाला तरी बोलावत होतं.

"मला वाटायचं, हितं नसली तरी तितं हाय," ते म्हणाले. "चाळीस जणींच्या मनात रोज सकाळी उठायली, डबा करायली. म्हनून मी रांधायचो. आता तुमी म्हनताव, त्यांनाबी ठावं होतं. म्हंजी मॅडम, वर्षभर ती कुटंच नव्हती."

मी रडायला लागले. त्यांनी आत जाऊन मला पाणी आणून दिलं.